परत न आलेलं गाऱ्हाणं

दुपारचं जेवण उरकून ओटा पुसून झाला, की दोन ते तीन हा एक तास वैजयंतीबाई धुरी देव होत.

सुरुवातीला त्यांना याचा फार संकोच वाटे. माणसाने देव व्हायचं, तेही टॅबवर! पण शाळेतून निवृत्त झाल्यावर एका जुन्या सहकारी बाईंनी ‘गाऱ्हाणं’ नावाचा खेळ आग्रहाने सुरू करून दिला, आणि पडद्यावरचं काळ्या पाषाणाचं देऊळ पाहून त्यांना वडील आठवले. वडील गुरव होते. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून छोट्या वैजूने शेकडो कौल पाहिले होते. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावायच्या, आलेल्या माणसाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवीकडची कळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार.

खेळात सगळं तसंच होतं, फक्त कळी पाडायची आपण. एका गावाची देवता व्हायचं. रोज आठ-दहा माणसं देवळात येऊन काहीबाही मागत. कुणाला पाऊस हवा, कुणाला मूल, कुणाला शेजाऱ्याची म्हैस आटायला हवी. हाताशी तीनच गोष्टी: पाणी, धान्य आणि भक्ती. दिलदारपणे देत सुटलं की कोठार रिकामं. हात आखडला की भक्ती सुकते आणि माणसं गाव सोडून जातात. बहुतेकांचं गाव चाळिसाव्या दिवसाच्या आत ओस पडे. वैजयंतीबाईंचं गाव अकराशे दिवस नांदतं होतं.

त्यांनी या खेळाचंही एक व्रतच करून टाकलं होतं. पाय धुवायचे, देव्हाऱ्याकडे बघून “हे खेळातलं आहे, रागावू नकोस” असं मनात म्हणायचं आणि मगच टॅब उघडायचा. तीनला बंद म्हणजे बंद. लोक विचारू लागले, बाई, तुम्हाला हे जमतं कसं? म्हणून त्या दर गुरुवारी खेळाच्या फळ्यावर ‘देव होणाऱ्यांसाठी’ असं चार ओळींचं काही लिहीत. पहिल्या दिवशी पाऊस देऊ नका, विहीर खणायची बुद्धी द्या. रडतो म्हणून देऊ नका, भांडतो म्हणून नाकारू नका. भक्ती साठवून ठेवली की नासते, सणावाराला थोडी खर्च करत जा. दोघे परस्परविरुद्ध मागायला आले तर त्या दिवशी कुणालाच कौल नको, रात्रभरात त्यांतला एक जण स्वतःच माघार घेतो. पन्नास हजार माणसं हे वाचून खेळत.

त्यातली सगळ्यांत गाजलेली सूचना अशी होती: ‘पहिल्यांदा आलेल्याला डावा कौल द्या. दुसऱ्यांदा आला तरी डावा. तिसऱ्यांदा येईल त्याला मात्र डोळे मिटून उजवा द्या. ज्याची गरज खरी, तो परत येतो.’

हे त्या उंबऱ्याशी बसून शिकल्या होत्या. वरवरच्या हौशीने मागणारा एका नकारावर निघून जातो आणि खरा गांजलेला पुन्हा पायरी चढतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. खेळातही ते तंतोतंत खरं ठरलं.

*

दर मंगळवारी वैजयंतीबाई आक्काला भेटायला जात. आक्का म्हणजे थोरली बहीण, आबोली. गेली चार वर्षं तिचं रक्त आठवड्यातून तीनदा तालुक्याच्या रुग्णालयातल्या यंत्रातून धुऊन निघत होतं. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. हाताच्या शिरा एकेक करून निकामी झाल्या होत्या, मानेतली एकच उरली होती. ती बंद पडली तर सुई टोचायला जागा नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. इलाज एकच. मुठीएवढं कृत्रिम मूत्रपिंड आता पोटात बसवता येत होतं. ते बसलं की यंत्र नको, सुई नको. पण साऱ्या राज्याला महिन्याकाठी शंभर मिळत आणि वाट पाहणारे नऊ हजार. कुणाला कधी, हे ‘अनुक्रम’ नावाचं सरकारी यंत्र ठरवी.

“इलंस गो बाय?” आक्का खाटेवरून म्हणाली. “तू देव झालंस म्हणान ऐकलंय. मगे माका एक तांब्या पानी पिऊक दी. चार वर्सां वाटी-वाटीन पितंय.”

“देवाक डॉक्टरानी परवानगी देऊक होयी,” वैजयंतीबाई म्हणाल्या. आक्कासमोर त्यांची शाळेतली भाषा आपोआप गळून पडे. “यंत्राचा उत्तर इला?”

आक्काने उशीखालून कागद काढून दिला. ‘आपला क्रम सध्या लागलेला नाही. गरज कायम असल्यास आपण पुन्हा अर्ज करू शकता.’

“मगे करूया परत. आत्ताच करूया.”

“एकदा मागलंय,” आक्का शांतपणे म्हणाली. “गुरवाच्या घरातली आसंय मी. बाबा काय सांगत? दुसऱ्यासाठी देवाक शंभर वेळा सांगूचा, आपल्यासाठी एकदाच. नाय म्हटलान तर नाय. माझ्या आधी दुसऱ्या कोणाक गावांदे.”

“आक्का, तो देव नाय. यंत्र आसा.”

“असांदे. मागनारी तर मीच ना?”

अर्ज रोग्याने स्वतःच्या आवाजात करायचा असे. मागे वशिल्याची बरीच प्रकरणं झाल्यावर तसा कायदाच झाला होता. डॉक्टर, नातेवाईक, पुढारी, कुणाचा शब्द चालत नसे. वैजयंतीबाईंनी कागदाची घडी घातली आणि पुढच्या मंगळवारी हिला समजावू, असं मनाशी म्हणत घर गाठलं.

*

पुढचा मंगळवार यायच्या आत पुण्याहून पाहुणी आली. रेवती सबनीस, ‘गाऱ्हाणं’ बनवणाऱ्या संस्थेतली शास्त्रज्ञ. वय तिशीचं, हातात पेढ्यांचा पुडा. दारातच वाकून तिने नमस्कार केला.

“मावशी, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय करून ठेवलंय!”

“काही चुकलं का गं?”

“चुकलं? अहो, आमच्या यंत्राला विवेक दिलात तुम्ही.”

चहा होईपर्यंत ती भडाभडा बोलत राहिली. अडचण अशी होती, ती म्हणाली, की डॉक्टरांचे आकडे यंत्राला सहज कळतात. पण आकडे सारखेच असलेल्या चाळीस जणांत आधी कोण, हे गणित सांगत नाही. तिथे माणसाची पारख लागते आणि ती सूत्रात मांडता येत नाही. मग आधी लोकांना प्रश्नावली दिल्या. प्रश्नावलीत लोक फार सज्जन होतात. सगळ्यांना द्या म्हणतात.

“खेळताना मात्र माणूस सोंग करत नाही,” रेवती म्हणाली. “डोळ्यांदेखत गाव उजाड व्हायला लागलं की तो खरंच निवड करतो. म्हणून हा खेळ. कोण आलं, काय शब्द वापरले, कितव्यांदा आलं, देवाने काय दिलं आणि शंभर दिवसांनी गावाचं काय झालं, हे सगळं यंत्र बघतं. लाखो डावांतून ते स्वतःच नियम शोधतं. आम्ही एक ओळ लिहून देत नाही. आणि त्यात सगळ्यांत ठळक नियम कुठला निघाला सांगू? तिसऱ्यांदा येणाऱ्याला द्या! तुमचा! पन्नास हजार लोक तसंच खेळले ना. यंत्राला वाटलं, ही सगळ्या समाजाचीच पारख आहे.”

वैजयंतीबाईंनी कपबशी हळूच खाली ठेवली.

“हे यंत्र कुठे वापरतात?”

“गेल्या चैत्रापासून ‘अनुक्रम’मध्ये. मूत्रपिंडांसाठी. परत अर्ज करणारा वर सरकतो, न करणाऱ्याची गरज ओसरली असं धरतात. वाट बघणारी यादी अकरा टक्क्यांनी कमी झाली, मावशी!”

“कमी झाली म्हणजे? ती माणसं बरी झाली?”

“म्हणजे… त्यांनी परत अर्ज केला नाही.”

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. वैजयंतीबाई उंबऱ्याशी बसलेली ती छोटी मुलगी मनात आणून बघत होत्या. तिसऱ्यांदा आलेले चेहरे तिला सगळे आठवत होते. एकदाच येऊन गेलेल्यांतला एकही नाही. ती हौशी माणसं होती असं तिला सांगितलं कुणी? पायरी उतरल्यावर ती कुठे गेली, जगली की मेली, हे देवळात बसलेल्याला कळणार कसं?

“माझी बहीण आहे त्या यादीत,” त्या म्हणाल्या. “एकदाच अर्ज केलाय तिने. ती मरेल, पण दुसऱ्यांदा मागायची नाही.”

रेवतीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “हाताने कुणालाच काही बदलता येत नाही. ते तसं असावं म्हणूनच तर एवढा खटाटोप. पण दर महिन्याच्या एक तारखेला यंत्र नव्या डावांवरून पुन्हा शिकतं. तुम्ही फळ्यावर नवी सूचना लिहा. तुमचे लोक तसे खेळू लागले की दोन महिन्यांत, भाद्रपदापर्यंत, नियम फिरेल. फक्त…”

“फक्त काय?”

“ज्याचा माणूस यादीत आहे त्याचे डाव शिकण्यातून वगळतात. तुमचं लेखन वाचून जे खेळतील, त्यांचेही काही काळ वगळतील.” तिने पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली. “बहिणीचं तुम्ही मला बोललाच नाहीत, असं मी धरून चालेन. तुम्हीही लिहू नका. खोटं काहीच बोलायचं नाही, मावशी. नुसतं गप्प राहायचं.”

*

वैजयंतीबाई गप्प राहिल्या. तीन दिवस. पूजा झाली, माळ झाली, पोथीचा अध्याय झाला. आपलं म्हणणं तर खरंच आहे ना, असं त्या स्वतःला समजावत. एकटी आक्का थोडीच, अशी कितीतरी माणसं वाचतील. मग दुसरं मन विचारी, आक्का यादीत नसती तर तुला हे सुचलं असतं का? आणि आक्का वर सरकली की कोण खाली जाणार? तिसऱ्यांदा पायरी चढून आलेलंच कुणीतरी. त्या माणसाला आपण काय सांगितलं होतं? ज्याची गरज खरी, तो परत येतो. ते बिचारं विश्वासाने परत आलं होतं.

मंगळवारी त्यांनी आक्काला सगळं सांगितलं. आधी पदर पसरून विनवलं, आणखी दोनदाच अर्ज कर म्हणून. आक्काने मान हलवली. मग रेवतीची वाट सांगितली.

आक्काने मानेवरच्या पट्टीला बोट लावलं.

“आणि ता मूत्रपिंड माझ्या पोटात बसलां,” ती म्हणाली, “तर रोज सकाळी माका विचारतला, खंयच्या वाटेन इलंय मी? काय सांगू तेका? वैजू, खोटां राहून गावलां तर ता माझ्या पोटात रवाचा नाय.”

“तू मेलंस तर मी काय करू गो?”

“रडशीत थोडी. मगे दुपारी दोनाक देव होशीत.” आक्का हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. “तुका भ्या कसला वाटता, माज्या मरनाचा, काय लोकांनी तुका हसूचा?”

याचं उत्तर वैजयंतीबाईंनी गुरुवारी फळ्यावर दिलं.

‘तिसऱ्या वेळेची सूचना चुकीची होती. मी परत आलेली माणसंच पाहिली. जी परत आली नाहीत ती मला दिसलीच नाहीत आणि न दिसण्याला मी गरज नसणं समजले. या खेळावरून खऱ्या रोग्यांचा क्रम ठरतो, हे मला आता कळलं. माझी सख्खी बहीण त्या यादीत आहे आणि ती पुन्हा मागणार नाही. तेव्हा माझं म्हणणं माझ्यावर विसंबून घेऊ नका, आपल्या बुद्धीने तपासून घ्या. माझ्या सूचनेवर विसंबून ज्यांनी तीनदा मागितलं, त्यांचीही मी अपराधी आहे.’

संध्याकाळपर्यंत फळ्यावर जत्रा भरली.

‘बहिणीसाठी देवच बदलला की हो बाईंनी!’

‘आजी, अकराशे दिवस झाले, आता विश्रांती घ्या. देवालाही निवृत्ती असते.’

‘निदान खरं तरी बोलल्या.’

‘खरं बोलून माझं गाव जगणार आहे का?’

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावापुढे पिवळी खूण आली: या खेळाडूचे डाव शिकण्यासाठी धरले जात नाहीत. पन्नास हजारांतले चाळीस हजार वाचक महिन्याभरात गळाले.

*

डाव धरले जाणार नव्हते, तरी वैजयंतीबाई रोज दोन वाजता पाय धुऊन बसत. आता प्रश्न असा होता, की जो देवळात येतच नाही, त्याला देवाने शोधायचं कसं? पहिल्याच मागणीला उजवा कौल देऊन पाहिला, तर कोठार आठ दिवसांत तळाला गेलं. मग त्यांना कोपऱ्यातलं एक चिन्ह दिसलं, ज्याला कधी कुणी हात लावत नसे. पालखी. देवाने स्वतः उठून गावात फिरायचं. एका फेरीला निम्मी भक्ती खर्ची पडे आणि बदल्यात काहीच मिळत नसे. शहाणा खेळाडू त्या वाटेला जात नसे.

बाईंनी पालखी काढली. फक्त त्या घरांपुढे, जिथला माणूस एकदा येऊन पुन्हा आला नव्हता. काही दारं खरंच हौशी निघाली. “मिटलं ते देवा, तू कशाला आलास?” असं तिथली माणसं म्हणत. पण काही दारांमागे वेगळंच होतं. एका घरात गावची सुईण तापाने पडून होती. तिने औषध एकदा मागितलं होतं, मग दुसऱ्यांच्या बाळंतपणांत विसरली होती. एका घरात विहिरी खणणारा आंधळा होत चालला होता. ज्या माणसांवर गाव उभं होतं, तीच पुन्हा मागायला आली नव्हती.

पहिल्या महिन्यात त्यांचं गाव निम्मं ओस पडलं. श्रावण सरला, भाद्रपद आला आणि गेला. ‘अनुक्रम’ जसं होतं तसंच राहिलं. बाईंनी दर गुरुवारी काय केलं आणि काय बिघडलं, ते जसंच्या तसं लिहिलं. पालखी रोज नको, अमावास्येला एकदाच. दारात गेल्यावर देऊ नका, आधी विचारा. तो नाही म्हणाला तर लगेच उठू नका.

आश्विनात गाव सावरू लागलं. सुईण उठली, तशी गाव सोडून गेलेली बिऱ्हाडं परतली. ते सावरलेलं गाव खेळात पाहून नागपूरच्या कुणा पोस्टमनने पालखी काढून बघितली आणि त्याचंही गाव तगलं. त्याचं पाहून अकोल्याच्या दोघींनी काढली, त्यांचं पाहून आणखी शेकडोंनी. यातल्या कुणी बाईंचं लेखन वाचलेलं नव्हतं. त्यांचे डाव धरले जात होते.

कार्तिकाच्या दुसऱ्या आठवड्यात आक्काच्या मानेतली शीर बंद पडली. डॉक्टरांनी मांडीत एक वाट काढली, ती चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी आक्काने तांब्याभर पाणी मागितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. ती सगळं पाणी प्यायली, हळूहळू, एकेक घोट जिभेवर घोळवत. वैजयंतीबाईंनी तिचं तोंड पुसलं.

“गोड आसा,” आक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

*

मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडायला वैजयंतीबाई आक्काच्याच घरी आल्या होत्या. घर बंद ठेवायला मन होत नव्हतं. अंगणात आरोग्य केंद्राची एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. हातात यादी, घामाने कपाळ भिजलेलं.

“आबोली गवस इथेच राहतात ना? मी प्रणाली. त्यांनी ज्येष्ठात मूत्रपिंडासाठी अर्ज केला होता, परत आला नाही, म्हणून ‘अनुक्रम’कडून कळवलंय की घरी जाऊन विचारा. एक तारखेपासून नवीन सुरू झालंय.”

“ती गेली,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “सव्वीस दिवस झाले.”

मुलीने पेन काढलं, नावावर रेघ मारायला वाकली आणि न मारताच पेन मिटलं. “सॉरी, काकी. आम्हाला कालच यादी आली.”

“तुझा दोष नाही गं. पाणी घे आधी.” त्यांनी तांब्या आणून दिला. “किती नावं आहेत?”

“तालुक्यात एकोणीस. हे पहिलंच घर.” तिने दुसरं नाव वाचलं. “बाबल मेस्त्री, गावठण. कुठे येतं हे?”

वैजयंतीबाईंनी मांडलेल्या कलशाकडे पाहिलं, दिव्यात तेल घातलं, नमस्कार केला आणि चपला सरकवल्या. “चल, दाखवते.”

बाबल मेस्त्री पडवीत लाकूड रंधत होता. पाय सुजून टम्म झाले होते, म्हणून बाकड्यावर बसूनच काम चाललं होतं. प्रणालीने विचारलं तशी त्याने रंधा न थांबवता मान हलवली.

“नाय गो बाय. माजा बरा आसा. त्या येळेक उगाच अर्ज केलंय. कोनाक तरी गरजेच्याक द्या.”

“बरं, काका.” प्रणालीने यादी समोर धरली. ‘गरज नाही’ असा एक चौकोन होता, त्यावर तिचं पेन टेकलं.

“थांब जरा,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

त्यांनी लाकडाचा भुसा हाताने बाजूला केला आणि पडवीच्या पायरीवर बसल्या. मेस्त्रीला काही विचारलं नाही, समजावलं नाही. प्रणालीही मग दुसऱ्या पायरीवर टेकली. रंधा चालला होता. लाकडाच्या लांब वळ्या पायांशी पडत होत्या. दहा मिनिटं गेली, पाव तास गेला. कुणी उठून जात नाही हे मेस्त्रीच्या हळूहळू ध्यानात आलं.

रंधा थांबला.

“पाय रात्रीचे लय दुखतत,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“सांगा,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “आम्हाला घाई नाही.”